प्राध्यापक हवा आहे, तुरुंग पाहिलेला

विद्यापीठांच्या नोकरभरतीच्या जाहिराती वर्तमानपत्रांत नेहमीच येतात. बारीक टायपातली चौकट, तिच्यात विषय, पदांची संख्या, आरक्षणाचा तपशील आणि अर्ज पोचण्याची अखेरची तारीख. ज्यांच्या घरात कोणी नेट-सेट होऊन बसले आहे ते ही चौकट दोनदा वाचतात, बाकीचे पान उलटतात. त्यात कधीतरी 'गुन्हेगारीशास्त्र, प्राध्यापक, एक पद' अशी एक ओळ असते. तिच्याशी आपला काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. पण तो संबंध आहे, आणि आपल्याला वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

गुन्हेगारीशास्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे १९९८ पासून दूरचित्रवाणीवर गाजलेली 'सी.आय.डी.' मालिका उभी राहते. दार तोडणारा अधिकारी, पांढऱ्या कोटातले डॉक्टर आणि शेवटच्या पाच मिनिटांत सापडणारा खुनी! बोटांचे ठसे, रक्ताचे डाग, विषाची तपासणी हा सारा प्रांत न्यायसहायक विज्ञानाचा. तो महत्त्वाचा आहेच. पण गुन्हा कोणी केला हे शोधून झाल्यावर काही प्रश्न उरतात. त्याने तो का केला? अमुक कृत्याला गुन्हा म्हणायचे आणि तमुक कृत्याला म्हणायचे नाही, हे कोणी ठरवले? शिक्षा भोगून माणूस सुधारतो की बिघडतो? तो आत असताना त्याच्या घरच्यांचे काय होते? ज्याच्यावर अन्याय झाला त्याला शेवटी काय मिळाले? हे प्रश्न विचारणारे शास्त्र ते गुन्हेगारीशास्त्र. ते अर्धे समाजशास्त्राच्या अंगणात आणि अर्धे कायद्याच्या ओसरीवर बसलेले असते.

हे प्रश्न विद्यापीठाच्या इमारतीत बसून विचारता येतात. त्यांची उत्तरे मात्र बाहेर असतात. उदाहरणादाखल ठाणे जिल्ह्यातल्या डोळखांबकडे जाऊ. शहापूर तालुक्यात, आजोबाच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवरचे, आसपासच्या पाड्यांना बाजाराचे असे हे गाव. ठाकर, महादेव कोळी, कातकरी यांची वस्ती या मुलखात मोठी. याच शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसा या धरणांचे पाणी मुंबईकरांच्या नळाला येते आणि उन्हाळा लागला की तालुक्यातल्या अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. डोळखांबचे नाव घेतले ते तिथे गुन्हे फार होतात म्हणून नव्हे. गुन्हा आणि कायदा यांची गाठ आपल्या खेड्यांत कशी पडते हे शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत जितके स्वच्छ दिसते तितके पुस्तकात दिसत नाही, म्हणून घेतले.

कातकरी हा शब्दच घ्या. खैराच्या लाकडापासून कात काढणारा तो कातकरी. पुढे जंगलावर सरकारी कायद्याचा पहारा बसला आणि पिढीजात धंदा हा वनगुन्हा झाला. धंदा गेल्यावर कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्या आल्या. त्यांच्या बरोबर पावसाळ्यात घेतलेली उचल आणि ती फेडण्यासाठी अख्ख्या कुटुंबाने भट्टीवर राबणे आले. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने गुन्हा ठरली. म्हणजे लाकूड तोडणारा गुन्हेगार आणि त्याला उचल देऊन बांधून ठेवणाराही गुन्हेगार! यातला कोणता गुन्हेगार पोलीस ठाण्याच्या दारात लवकर पोचतो, हे वाचकांनी मनाशीच ठरवावे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे आपल्या प्रस्तावनेतच कबूल केले. पण कायद्याने कबुली दिली म्हणून जुनी नजर बदलतेच असे नाही.

दुसरे उदाहरण अधिक नाजूक आहे. आदिवासी पाड्यांवर मुलामुलींची लग्ने लवकर होतात. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी बाळंतपणासाठी दवाखान्यात येते. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार डॉक्टरांना पोलिसांना कळवावेच लागते, आणि मग तिचा एकोणीस-वीस वर्षांचा नवरा आरोपी होतो. बालविवाह वाईटच, त्यात मुलीच्या शरीराचे नुकसान होते, शिक्षण थांबते, याबद्दल दुमत नको. हा कायदाही मुलांच्या रक्षणासाठीच झाला आहे. पण नवरा तुरुंगात आणि पोर कडेवर घेऊन सासरी किंवा माहेरी आश्रयाला राहिलेली मुलगी, ही स्थिती कायद्याला हवी होती काय? बालविवाह थांबवायचे तर कोणाला, कुठे आणि केव्हा गाठायला हवे? याचे उत्तर ना पोलिसाजवळ, ना डॉक्टरजवळ, ना न्यायाधीशाजवळ. ते शोधण्यासाठीच या विषयाचा अभ्यासक हवा असतो.

तिसरे उदाहरण शेजारच्या मुरबाड तालुक्यातले. मार्च २०२४ मध्ये तिथल्या एका गावात करणी केल्याच्या संशयावरून एका वृद्धाला धगधगत्या निखाऱ्यांवर नाचवण्यात आले. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला आहे, आणि तो येण्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचले व प्राणही गमावले. कायदा होऊन दहा वर्षे उलटल्यावरही असे घडते, तेव्हा गुन्हा करणारा एक माणूस नसतो, गर्दी असते. भीती, आजारपण, जमिनीचा जुना वाद, दवाखान्याचे अंतर यांतले काय काय त्या निखाऱ्यांखाली पेटलेले असते, हे केवळ आरोपपत्र वाचून समजत नाही.

आणि चौथे उदाहरण अगदी आधुनिक. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर शहापूर तालुक्यात सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना अवजड यंत्र कोसळले आणि वीस जण प्राणाला मुकले. त्या प्रकरणी गुन्हा नोंदला गेला. पण आपण बोलताना त्याला 'दुर्घटना' म्हणतो, आणि खिसा कापला गेला की त्याला 'गुन्हा' म्हणतो. प्रतिष्ठितांच्या व्यवसायात घडणाऱ्या अपराधांकडे समाजाचे लक्ष जात नाही, हे एडविन सदरलँड या अमेरिकन अभ्यासकाने १९३९ मध्ये दाखवून दिले आणि त्यासाठी 'पांढरपेशी गुन्हेगारी' हा शब्द रूढ केला. सरळांब्याच्या घटनेत दोष कोणाचा हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे. आपण कोणत्या मृत्यूला कोणता शब्द वापरतो, हे मात्र आपल्यालाच तपासता येते.

आता या मुलखातल्या एखाद्या घरातला माणूस पकडला गेला असे समजा. खटला कल्याणला उभा राहिला आणि माणूस आधारवाडीच्या कारागृहात असला, तर त्याच्या बायकोने काय करायचे? पाड्यावरून डोळखांबला चालत यायचे, एसटीने शहापूर गाठायचे, आसनगावला लोकल धरायची, कल्याणला उतरायचे आणि तुरुंगाच्या दारात रांगेत उभे राहायचे. त्या दिवसाची मजुरी बुडाली, भाडे गेले ते वेगळे. तुरुंगातल्या या भेटीला आपल्याकडे 'मुलाखत' म्हणतात. प्राध्यापकाच्या निवडीलाही 'मुलाखत'च म्हणतात. या दोन मुलाखतींची एकमेकींशी ओळख करून द्यायला हवी, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

कारण तुरुंगात असलेला प्रत्येक जण दोषी ठरलेला नसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती आणि त्यांतली सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांतल्या तिघांचा निकाल लागायचा होता. त्यांतले किती केवळ जामीनदार मिळाला नाही म्हणून आत होते, किती वकिलाच्या फीपायी अडले होते, हे समजून घेतल्याशिवाय गुन्हेगारीशास्त्र शिकवता येईल काय?

हा विषय आपल्या मातीला नवा नाही. राघोजी भांगरे या महादेव कोळी पुढाऱ्याला २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. इंग्रजांच्या कागदोपत्री तो दरोडेखोर होता. सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंच्या लोकांच्या मनात तो बंडकरी वीर आहे. 'गुन्हेगार कोणाला म्हणायचे' या प्रश्नाचा याहून चांगला धडा परदेशी ग्रंथात शोधायला नको. पुढे १८७१ च्या कायद्याने तर माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरवली. जमातीच्या जमाती पोलिसांच्या हजेरीपटावर आल्या, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणामागे राहिल्या. हा कलंक ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्यातून गेला. तो व्यवहारातून कितपत गेला, हे लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ने १९८७ मध्ये महाराष्ट्राला सांगितले. तुरुंगांच्या नियमपुस्तकांतून जातीवर आधारलेली कामवाटणी काढून टाका, असे सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगावे लागले, यावरून हा पीळ किती चिवट आहे ते कळते.

पण उजळ बाजूही आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत आहे. औंध संस्थानात १९३९ मध्ये ती सुरू झाली. खुनासारख्या गुन्ह्यातल्या कैद्यांना भिंतीबाहेर, शेतीवर, कुटुंबासह राहू द्यावे ही कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याची आणि ती मान्य करण्याचे धाडस औंधच्या राजाचे. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' याच प्रयोगावरून स्फुरला. आपल्या घरोघर पाहिला गेलेला हा चित्रपट म्हणजे गुन्हेगारीशास्त्राचे एक प्रात्यक्षिकच होते. फ्रीडमनजवळ या विषयाची पदवी नव्हती. त्याच्याजवळ माणसाकडे पाहायची दृष्टी होती, आणि ती पडताळून पाहायला त्याला जागा मिळाली.

पदवीला किंमत नाही, असा याचा अर्थ नव्हे. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारला तुरुंगसुधारणेसाठी तज्ज्ञ हवा होता, तेव्हा संयुक्त राष्ट्रांमार्फत ओहायो स्टेट विद्यापीठातले वॉल्टर रेकलेस हे नामवंत प्राध्यापक १९५१-५२ च्या सुमारास इथे आले. त्यांच्या अहवालाचा पुढे तुरुंगांच्या नियमावलीवर परिणाम झाला. ज्येष्ठ अभ्यासकाला आणायचे ते यासाठी. त्याच्या शब्दाने एखादी व्यवस्था हलावी.

मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिची सुरुवात देवनारच्या हिरव्या आवारात झालेली नाही. ती झाली नागपाड्यातल्या दाटीच्या वस्तीत, क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या नेबरहूड हाउसमध्ये. प्रश्न जिथे राहतात तिथेच शाळा भरली. पन्नाशीच्या दशकापासून या संस्थेत गुन्हेगारीशास्त्र शिकवले जाऊ लागले. पाठोपाठ १९५९ मध्ये मध्य प्रदेशात सागर विद्यापीठाने हा विषय हाती घेतला. वस्तीत जन्मल्याचा गुण टाटा संस्थेच्या कामात पुढेही उतरला. १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. मार खाऊन आलेल्या बाईला पोलीस ठाण्याच्या आवारातच समाजकार्यकर्ती भेटावी, ही साधी पण फार मोठी कल्पना. पुढे ती राज्यभर पसरली. १९९० मध्ये 'प्रयास' सुरू झाला; पोलीस कोठडी आणि तुरुंग यांतल्या माणसांना वकील मिळवून देणे, सुटल्यावर कामाला लावणे हे त्याचे काम. याच संस्थेच्या 'कोशिश' गटाने बिहारमधल्या निवारागृहांची पाहणी करून २०१८ मध्ये अहवाल दिला, त्यातूनच मुजफ्फरपूरच्या मुलींवरचे अत्याचार उजेडात आले आणि २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले. ज्ञान दाराबाहेर पडले की त्याचा उपयोग असा होतो.

आता आजच्या निवडीच्या रीतीकडे पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी प्राध्यापकपदासाठी पीएच.डी., अध्यापनाचा किंवा संशोधनाचा दहा वर्षांचा अनुभव, किमान दहा शोधनिबंध आणि १२० गुणांचा संशोधनांक अशी अट घातली. अट वाईट नाही. वशिल्याच्या तट्टाला अडवायला काहीतरी मोजमाप हवेच. पण मोजमाप हातात आले की जे मोजता येते तेवढेच खरे वाटू लागते. परदेशी नियतकालिकात छापून आलेल्या निबंधाला गुण आहेत. कल्याणच्या न्यायालयात शंभर दिवस बसून जामिनाचे अर्ज कसे निकाली निघतात ते टिपून ठेवण्याला वेगळे गुण नाहीत. विटभट्टीवरच्या हिशेबाच्या वह्या वाचायला शिकण्याला गुण नाहीत. कातकऱ्याची बोली समजण्याला तर नाहीतच. मग हुशार तरुण काय करील? जिकडे गुण तिकडे जाईल. त्याला दोष देऊन काय उपयोग?

आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नावाचे एक दार उघडले. पंधरा वर्षांचा भरीव अनुभव असलेल्या जाणकाराला पीएच.डी. नसतानाही ठरावीक मुदतीसाठी अध्यापक नेमता येते. एखादा चांगला कारागृह अधीक्षक, फौजदारी वकील, परिविक्षा अधिकारी वर्गात येऊ शकतो. हे स्वागतार्ह आहे. मात्र त्यात धोकाही आहे. निवृत्त बडे साहेब शोभेसाठी बसवायचे, त्यांनी जुन्या कामगिरीच्या गोष्टी सांगायच्या आणि विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवायच्या, असे झाले तर ते शास्त्र राहणार नाही. चाळीस वर्षे खुर्चीच्या एकाच बाजूला बसलेल्या माणसाला दुसरी बाजू दिसतेच असे नाही. अनुभवाला पद्धतीची शिस्त हवी आणि पद्धतीला अनुभवाचा चटका हवा. दोन्ही एका माणसात मिळणे अवघड, पण ज्येष्ठ पदासाठी शोधायचे ते तेच.

आणखी एक गोष्ट. असे काम मुदतीच्या नेमणुकीवर होत नाही. पाड्यावरच्या बायकांचा विश्वास बसायला दोन पावसाळे जातात. तुरुंगाच्या शिपायाने आपणहून दार उघडायला त्याहून जास्त. जून २०२४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या कंत्राटी ५५ अध्यापकांना आणि ६० शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना नोकरी संपल्याच्या नोटिसा मिळाल्या. अनुदानाचा प्रश्न होता. ओरड झाल्यावर दोन-तीन दिवसांत त्या मागे घेतल्या गेल्या. पण ज्यांची भाकरी दर वर्षी नव्या सहीवर अवलंबून आहे त्यांनी वीस वर्षांचा अभ्यास हाती घ्यावा, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

तेव्हा निवड समितीने उमेदवाराला काही साधे प्रश्न विचारावेत. तुम्ही शेवटचे तुरुंगात कधी गेला होता आणि तिथे कोणाशी बोललात? तुमच्या अभ्यासामुळे कोणत्या नियमात, कोणत्या ठाण्यात, कोणत्या माणसाच्या आयुष्यात काय बदलले? तुमचे विद्यार्थी आज कुठे काम करीत आहेत? गुन्ह्याने पोळलेल्या माणसाशी तुम्ही बोलला आहात काय, की केवळ आरोपीच तुमच्या अभ्यासाचा विषय आहे? आणि शेवटी, तुमचे सारे संशोधन डोळखांबच्या बाजारात आलेल्या माणसाला मराठीत दहा मिनिटांत सांगून दाखवाल काय? या शेवटच्या प्रश्नाला अडखळणाऱ्या विद्वानाला नाकारू नये. पण त्याला तो का अडखळला याचा विचार करायला लावावे.

हे सारे आजच म्हणण्याला कारण आहे. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता आणि तिच्या जोडीचे नवे कायदे लागू झाले. काही किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवा ही शिक्षा प्रथमच आली आहे. कैदेऐवजी सेवा, ही कल्पना किती चांगली! पण कोणती सेवा, कोणाच्या देखरेखीखाली, आणि तिचा अपमान होऊ नये म्हणून काय करायचे? गावातल्या तरुणाला गावासमोर झाडू मारायला लावला तर तो सुधारेल की कायमचा परका होईल? पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने संभाव्य शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि काही अपवाद वगळता, त्याला सोडावे अशीही तरतूद झाली आहे. ती प्रत्यक्षात किती जणांपर्यंत पोचते ते कोण मोजणार? मोठ्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे असेही नवा कायदा म्हणतो. म्हणजे प्रयोगशाळांकडे पैसा आणि पदे जातील, आणि ती जायलाही हवीत. त्या घाईत 'का' विचारणारा अभ्यासक मागे राहू नये, एवढीच काळजी.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी बारावीनंतर काय, ही चर्चा चालू असेल. एखादी मुलगी म्हणेल, मला गुन्हेगारीशास्त्र शिकायचे आहे. आईवडील दचकतील, हे कसले शिक्षण, यात नोकरी कुठली, असे विचारतील. परिविक्षा अधिकारी, बालगृहांचे काम, पीडितांना साहाय्य, विधी सेवा, तुरुंगप्रशासन अशी उत्तरे आहेत. पण त्या मुलीला वर्गात कोण भेटते, यावर तिचे पुढचे सारे अवलंबून आहे. केवळ व्याख्या लिहून देणारा शिक्षक भेटला तर ती गुण मिळवील आणि विषय विसरेल. न्यायालयाच्या व्हरांड्यात बसवून 'आज फक्त बघ' असे सांगणारा शिक्षक भेटला, तर उद्या आधारवाडीच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला अर्ज लिहून देणारे, तिच्या नवऱ्याची पुढची तारीख सांगणारे एक माणूस आपल्या समाजाला मिळेल. जाहिरातीतल्या त्या एका ओळीचे मोल एवढे आहे. ती जागा भरताना विद्यापीठांनी घाई करू नये, आणि ती वर्षानुवर्षे रिकामीही ठेवू नये.